पालथा वाडगा

ये ब्रांका, आत ये. उंबऱ्यावर उभं राहून काही मागू नये. वाडगे हवेत ना? कळलं मला. सकाळपासून तुझा दुआर्त गावभर सांगत सुटलाय, आज संध्याकाळच्या भरतीला माझी नवी बोट पाण्यात जाणार आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं. गाव जेवू घालायला निघालाय खरा, पण रस्सा काय लोकांच्या ओंजळीत वाढणार? नवऱ्यांना एवढं सुचत असतं तर आपल्याला कुणी विचारलं असतं!

फळीवरचे सगळे घे. काहींचे काठ उडालेत, ते पाद्रीबाबांपुढे ठेवू नकोस. तुझ्या चुलतसासऱ्यापुढे ठेव. त्याला वाडग्यातला मासा तेवढा दिसतो, वाडगा दिसत नाही. मधे मधे सुकं गवत घाल, नाहीतर घरी पोचेपर्यंत टोपलीत ठिकऱ्या होतील.

तो नको. खिडकीतला तो नको... ठेव म्हणते ना! पालथा होता तसाच पालथा ठेव.

घाबरलीस? बस जरा. घोड्यावर बसून आलीस का? मिठागराच्या बांधाला पाणी लागल्याशिवाय बोट ढकलत नाहीत, आणि पाणी अजून खाडीच्या तोंडाशीच आहे. नाव काय ठेवलंय बोटीचं? तुलाही नाही सांगितलं? बरोबर आहे, सांगायचं नसतं. फळीवर कोरायचं, वर फडकं बांधायचं आणि बोट पाण्याला टेकली की फडकं ओढायचं. मग सगळ्या गावाने काठावर उभं राहून तीनदा त्या नावाने हाक मारायची, घरच्या पोराला मारतात तशी. पाण्याने एकदा ऐकलं की ती बोट घर विसरत नाही, असं आमच्याकडे मानतात. तू डोंगरातली, अंजिराच्या झाडाखाली वाढलेली. तुला हे सगळं नवीन.

लग्न होऊन आलीस त्याच महिन्यात तू मला विचारलं होतंस, आत्या, तुमच्या दारातून कुणी कुणाला हाक का मारत नाही? तुमची भाची लिओनोर पोरांना घेऊन माहेरी येते, पोरं बांधावर खेळतात, आणि जेवायच्या वेळी ती एवढं लांब चालत जाऊन एकेकाला हाताला धरून आणते. तेव्हा मी म्हटलं होतं, गुडघ्यांना चालणं बरं. खोटं बोलले. शेजारीण म्हणून राहायचंय तुला, तेव्हा एकदा ऐकून ठेव. तो दिवा लाव तेवढा, तेल आहे त्यात. अजून अंधारलं नाही, पण लाव.

माझा भाऊ लोरेन्सु, लिओनोरचा बाप, जहाजांचा वाटाड्या होता. ताऱ्यांवरून आणि पाण्याच्या रंगावरून वाट काढायचा. राजाची जहाजं तेव्हा गिनीच्या किनाऱ्याने दरसाल आणखी खाली, आणखी खाली जायची. नवं काही दिसलं की त्याला नाव द्यायचं, नाव नकाशावर चढलं की ते आपलं, असं त्या लोकांचं शास्त्र. लोरेन्सु पहिल्यांदा गेला तेव्हा माझी भावजय मेसिया पोटुशी होती. परत आला तेव्हा पाळण्यात मुलगी. बाप्तिस्मा झाला होता, लिओनोर नाव ठेवून झालं होतं. पण बाप आला तो नवंच नाव घेऊन आला.

त्याची ती हकिगत मी इतक्यांदा ऐकलीय की मीच तिथे जाऊन आले असं वाटतं. एका नदीच्या तोंडाशी जहाज थांबलं. संध्याकाळची वेळ, वारा पडलेला, पाणी गोड. वाळूच्या दांड्यावर एक म्हातारा एकटाच उभा होता. लोरेन्सु होडीतून उतरला, नदीकडे बोट केलं आणि विचारलं, हिला काय म्हणतात? म्हातारा पळाला नाही. घाबरला नाही. त्याने लोरेन्सुकडे बघितलंसुद्धा नाही. समुद्राकडे तोंड केलं, ओठांभोवती दोन्ही हात धरले आणि एक शब्द लांबवून म्हटला. मग पुन्हा. मग पुन्हा.

"इतका गोड शब्द गं," लोरेन्सु म्हणायचा, "ऐकतच राहावा."

तो शब्द लिहून घेतला. नदीचं नाव तेच पडलं. आणि घरी येऊन पाळण्यात वाकून त्याने लेकीला तीच हाक मारली. पोर खुदकन हसली, आणि मग काय! लिओनोर हे नाव राहिलं चर्चच्या वहीत. घरात, गल्लीत, बांधावर तिला सगळे त्या नदीच्या नावानेच ओळखायला लागले. ते नाव मी घेणार नाही. तेव्हापासून घेतलेलं नाही. मी लिओनोरच म्हणेन, तू समजून घे.

आता मेसियाचा आवाज. तिने दारातून एक हाक मारली की खाडीपलीकडच्या कोंबड्या खुराड्यात जातात, असं लोक म्हणायचे. ओहोटीला पोरं चिखलात तिसऱ्या, शिंपल्या वेचायला जायची, आणि कातरवेळ झाली की मेसिया उंबऱ्यावर येऊन लेकीला बोलवायची. तोंडाभोवती हात धरून, शेवटचं अक्षर लांबवून. लोरेन्सुने करून दाखवलं होतं ना, अगदी तस्संच. रोज. पोर चालायला लागल्यापासून रोज.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो वास. लिओनोर आत आली की तिच्यामागून एक वास आत यायचा. मी तिचे पाय धुवायची, केस हुंगायची. पोरीला चिखलाचा वास, मिठाचा वास. तो वेगळाच. राखेचा, कुजलेल्या माशांच्या काट्यांचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी. कुठेतरी घेतलेला होता मी तो वास. कुठे, ते आठवायला मला बरेच दिवस लागले.

शहराच्या वेशीबाहेर उकिरडा होता. आता त्यावर माती लोटून लिंबं लावलीत, तेव्हा उघडा होता. जहाजांतून गिनीची माणसं यायची, दोरीला बांधलेली. त्यातली जी खंगून खंगून किनाऱ्याला लागताच मरायची, त्यांना कोण पुरणार? बाप्तिस्मा नाही म्हणून पवित्र माती नाही. त्यांना तिथे टाकायचे, फुटक्या मडक्यांबरोबर, माशांच्या काट्यांबरोबर. बायका असायच्या. पोरं असायची. मी अंजीर विकायला त्या वाटेने जायची. सगळा बाजार डोईचा रुमाल नाकाला लावून, मान वळवून पुढे जायचा. कुणी काही म्हणायचं नाही. हाक ना बोंब.

तो वास आमच्या दारात कसा?

मग एक दिवस मी लिओनोरच्या केसांची गुंतवळ सोडवत होते, तर ती म्हणाली, "आत्या, ती रोज माझ्याआधी पोचते."

"कोण गं?"

"ती. आई बोलावते ना, तेव्हा येते. मी येईपर्यंत दारात उभी राहते."

"मग आत का येत नाही?"

"आई दार लावून घेते ना."

मला वाटलं, पोरांचे खेळ. मी हसून विचारलं, "आई हाक कुणाला मारते, तुला की तिला?"

लिओनोरने थोडा विचार केला. "मला वाटतं मला. पण ती म्हणते, मलाच."

त्या दिवसापासून मी उंबरा बघायला लागले. आपल्या उंबऱ्यापुढे बघ, वाळू आहे. संध्याकाळी लिओनोरच्या पावलांशेजारी आणखी एक जोडी असायची. तिच्याहून थोडी मोठी. दारापर्यंत आलेली, दारासमोर बराच वेळ उभी राहिलेली, टाचा खोल रुतलेल्या. परत गेलेली पावलं मात्र मला कधी दिसली नाहीत.

मेसियाला सांगितलं तर ती म्हणाली, "वन्सं, तुम्हाला लग्न करायला हवं होतं. रिकामं डोकं आहे." तिचंही बरोबर होतं. माझ्याकडे दाखवण्यासारखं काय होतं?

लोरेन्सु दुसऱ्या सफरीवरून आला तो एका पाहुण्याला घेऊन. त्याचं आपल्यातलं नाव बास्त्यांव. त्याला तिकडच्याच किनाऱ्यावरून पोरवयात धरून आणलेलं, शहरातल्या एका घरात ठेवून आपली भाषा शिकवलेली, म्हणजे पुढच्या जहाजांना दुभाष्या मिळावा. अशा माणसाला खलाशी 'जीभ' म्हणतात. माणूस नाही म्हणायचं, जीभ म्हणायचं. चांगला उंच, शांत गृहस्थ. आपल्यापेक्षा शुद्ध बोलायचा. लोरेन्सुने त्याला चिडवलं, "याचं बोलणं ऐकलं की मला वाटतं, मीच परका आहे!" तोही हसला. पाव मोडला, तेलात बुडवला, मेसियाच्या रश्शाची तारीफ केली.

दिवेलागण झाली. मेसिया नेहमीसारखी उठली, दार उघडलं, तोंडाभोवती हात धरले आणि लेकीला हाक मारली.

बास्त्यांवच्या हातातला पाव खाली पडला.

"बाई," तो उठून उभा राहत म्हणाला, "तुम्ही कुणाला बोलावलंत?"

"लेकीला. आणखी कुणाला?" मेसिया हसली. "तिचं नाव आहे ते."

"हे नाव नाही."

"अरे, नदीचं नाव आहे ते," लोरेन्सु म्हणाला. "मीच तिथल्या माणसाला विचारून घेतलंय."

"काय विचारलंत?"

"विचारलं, हिला काय म्हणतात."

"कुठल्या भाषेत विचारलंत?"

लोरेन्सुने हातातला वाडगा खाली ठेवला.

बास्त्यांव हळू बोलायला लागला. "माझ्या मुलखाशेजारची भाषा आहे ती. त्याचा अर्थ, घरी ये, जेवण वाढलंय. पाण्याने नेलेल्या माणसाला तिकडे ही हाक मारतात. ज्याचं प्रेत हाती लागलं नाही, त्याला. कातरवेळी काठावर जाऊन, समुद्राकडे तोंड करून... तो म्हातारा तुम्हाला काही सांगत नव्हता. तो आपल्या माणसाला बोलावत होता."

"पण तिथे कुणीच नव्हतं."

"तुमच्या आधी एखादं जहाज तिथे येऊन गेलं होतं का?"

लोरेन्सुने खाली बघितलं. माझा भाऊ दर्यावर्दी, वादळाला शिव्या घालणारा माणूस. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मागे झोपड्या होत्या. जळलेल्या."

तेवढ्यात लिओनोर धावत आली आणि उंबऱ्याशी थबकली, पाहुणा बघून. पण बास्त्यांव तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या डाव्या अंगाला, जरा वर, जिथे कुणी नव्हतं, तिथे बघत होता. त्याने लिओनोरला अलगद आत घेतलं. मग स्वतः उंबऱ्यावर उकिडवा बसला आणि बाहेरच्या अंधारात काहीतरी बोलला. थांबला. कान दिल्यासारखा. पुन्हा बोलला. पुन्हा थांबला...

उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं. कोण, असं कुणी विचारलं नाही. एवढं सगळ्यांना कळलं होतं.

"विचारते, हेच घर का."

"आणि?"

"विचारते... बाकीच्यांना पण आणू का."

मेसियाने लेकीला पोटाशी धरलं. "तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, या घराने तुला एकटीला बोलावलंय. एका दाराची हाक एकालाच पोचते." मग तो आमच्याकडे वळला. "सगळ्या गावाने मारली असती, तर मला तसं सांगता आलं नसतं."

जाताना त्याने मेसियाला एवढंच बजावलं. "पुन्हा मारू नका. आणि मारलीत, तर जेवू घाला. बोलावून दार लावायचं, हे कुठल्याच देशात चालत नाही, बाई."

मेसियाने घाबरत घाबरत विचारलं, "तुमचीही आई तिकडे असेल ना...?"

"असेल. उभी असेल कुठल्यातरी काठावर. पण मी जिवंत आहे. मला ऐकू येत नाही." असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही लेकीला लिओनोर म्हणायला लागलो. पण ती ओच देईना! तिच्या लेखी लिओनोर म्हणजे कुणी भलतीच. रडायची, "मला माझ्या नावाने बोलवा." मग मी किंवा मेसिया रोज बांधावर जाऊन तिला हाताला धरून आणायला लागलो. वास कमी झाला. वाळूत पावलं दिसेनाशी झाली. लोरेन्सु पुन्हा सफरीवर गेला. मला वाटलं, चला, सुटलो.

पण एकीकडे जिवाला लागून राहिलं होतं. रोज बोलवायचं आणि एक दिवस अचानक बोलवायचंच नाही... ती कुठे गेली असेल? पुन्हा त्या उकिरड्यावर? मेसियाच्याही मनात तेच असणार. रस्सा वाढताना तिचा हात मधेच थांबायचा.

आणि मग ते धुकं आलं. थंडीच्या अखेरीला येतं तसलं, समुद्रावरून चालत येणारं. दुपारी ऊन होतं, बायका-पोरं तिसऱ्यांना लांब पार रेतीच्या दांड्यापर्यंत गेली होती. बघता बघता स्वतःचा हात दिसेना. बायका ओरडत, एकमेकींचे झगे धरून परत आल्या. लिओनोर आली नाही. भरती लागली होती, आणि आपल्या खाडीची भरती तुला माहीत आहे, समोरून येत नाही, मागच्या नाळांतून, त्या खोल चरांतून येते. पुढे चिखल, मागे पाणी, आणि मधे माणूस.

आम्ही बांधावर धावलो. "लिओनोर! लिओनोर!" अख्खं गाव ओरडलं. घंटा वाजवली. धुक्यात घंटा एकदा डावीकडून यायची, एकदा उजवीकडून. तिकडून काही नाही. पाणी मात्र चढताना ऐकू येत होतं. चिखलातल्या भोकाभोकांतून बुडबुड, बुडबुड.

मेसिया एकदम वळली आणि घराकडे पळत सुटली. मी तिच्यामागे. मला कळलं होतं ती काय करणार. दारात मी तिचा दंड धरला.

"मेसिया, नको! तो काय म्हणाला आठवतंय ना?"

"आठवतंय, वन्सं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "म्हणूनच आधी घरात आले."

चुलीवर चण्यांचा रस्सा शिजत होता, लसूण घातलेला. तिने फळीवरचे दोन वाडगे घेतले. दोन्ही काठोकाठ भरले. उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवले, वर पावाचे तुकडे ठेवले. दार सताड उघडलं, मागे दगड लावला, वाऱ्यानेसुद्धा लागू नये म्हणून. मग उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिने ती हाक मारली.

आजवर ती नाव घेत होती, ब्रांका. त्या दिवशी ती सांगत होती. घरी ये, जेवण वाढलंय. घरी ये. तशी हाक मी पुन्हा ऐकली नाही, आणि देवाच्या दयेने ऐकायला लागू नये.

पाण्याची बुडबुड थांबली.

मग पावलं... चिखलात उमटणारी. चप... चप... आणि त्यांच्या मधे दुसरी, थोडी जड. दोघींची. सावकाश, घाई नसल्यासारखी. तो वास आला. राखेचा, काट्यांचा. मी डोळे मिटले नाहीत, मिटायला हवे होते.

धुक्यातून लिओनोर आली. एकटी. उजवा हात खाली. डावा हात वर, खांद्यापर्यंत उचललेला, पोरं मोठ्या बहिणीचा हात धरून चालतात ना, तसा. बोटं हवेत मिटलेली. मधली नाळ तेव्हा माणसाच्या छातीएवढी भरलेली होती, ती ओलांडल्याशिवाय तिला येताच येणार नव्हतं. आणि तिचा झगा कोरडा. पायाला चिखल, तेवढाच. डाव्या हाताची बाही मात्र मनगटापर्यंत भिजलेली, निथळत होती.

"ती म्हणाली, मला घर माहीत आहे," लिओनोर म्हणाली. "आई, आज दार उघडं आहे!"

मेसियाने लेकीला उचललं. छातीशी घट्ट धरलं. मग ती दारातून बाजूला झाली आणि लेकीच्या त्या उचललेल्या हाताशेजारी, जिथे कुणी दिसत नव्हतं, तिथे बघून म्हणाली, "ये, बाळ. तूही ये."

दिव्याची ज्योत वाकली आणि पुन्हा सरळ झाली. एवढंच झालं.

दोन वाडगे आत घेतले. लिओनोर जेवली. दुसऱ्या वाडग्याकडे आम्ही बघत नव्हतो, बघवत नव्हतं. मग केव्हातरी नजर गेली तर तो रिकामा होता, पुसून घेतल्यासारखा स्वच्छ, आणि पालथा. आपल्याकडे कुणी पालथा घालतं का? पुढे बास्त्यांव भेटला तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, पोट भरलं की तिकडे तसा ठेवतात. आणखी हवं असेल तर सुलटा ठेवतात.

मेसिया जिवंत होती तोवर तिने रोज दोन पोरींना वाढलं. लोरेन्सु एका सफरीवरून आलाच नाही. त्याच्यासाठीही ती हाक मारायला उंबऱ्यावर गेली होती, पण तोंड उघडून तशीच परत आली. लिओनोर मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला पोरं झाली. ही मात्र आहे तेवढीच आहे. मेसियामागे मी वाढते. कातरवेळी वाडगा सुलटा करून भरते, सकाळी पालथा असतो. भीती वाटते? पहिल्यांदा वाटायची. आता एखाद्या दिवशी उशीर झाला तर मला चुटपुट लागते. कुणाची तरी लेक आहे. तिचा म्हातारा बाप अजून त्या काठावर उभा असेल का, असं येतं मनात, आणि मग रस्सा जरा जास्तच पडतो वाडग्यात.

म्हणून तो वाडगा देत नाही, बरं का. नाहीतर मी काय वाडग्याला चिकटून बसणारी आहे?

चल, आता ऊठ. पाणी बांधाला लागलं असेल. ऐक, माणसं जमल्याचा आवाज येतोय. गाव तिकडे आणि घरधनीण इकडे गप्पा मारतेय. लोक काय म्हणतील!

...काय म्हणालीस? नाही, पुन्हा सांग. नाव नाही माहीत, पण कुठून सुचलं ते माहीत आहे?

बरं. या बंदरात संतांची नावं उरली नाहीत, एका मारियाला हाक मारली तर चार बोटी वळून बघतात. दुआर्त म्हणतो ते खरं आहे. मग?

शहरात... खलाशांकडून? नकाशावर? कसली नदी?

ब्रांका, नीट आठवून सांग. गिनीच्या किनाऱ्यावरची? तिथे प्यायचं पाणी भरून घेतलेलं जहाज घरी परत येतंच, असं म्हणतात? शुभ नाव आहे म्हणतात? किती जणांच्या तोंडी आहे ते? सगळ्यांच्या? लिस्बनपर्यंत?

ऊठ. पळ! टोपली राहू दे, पळ तू, दुआर्तला सांग फडकं ओढू नकोस म्हणावं. सांग, आत्या मरायला टेकलीय, काहीही सांग. सगळं गाव काठावर आहे गं, समुद्राकडे तोंड करून... आणि ही वेळ...

थांब.

ऐकलंस?

"युमाऽऽले!"

हेच. हेच ते.

"युमाऽऽले!"

किती आवाज आहेत, देवा. म्हातारे, बायका, पोरं. सगळे तोंडाभोवती हात धरून ओरडतायत. आता तिसरी...

"युमाऽऽले!"

झालं.

तो वास आला तुलाही? नाकाला रुमाल लावू नकोस. नको लावूस, पोरी. बघतायत.

खिडकीतला तो वाडगा तू सुलटा केलास का? नाही? मग मी तरी कुठे उठले इथून... ब्रांका, बाहेर बघू नकोस. माझ्याकडे बघ. दार लावू नकोस, उलट पुरतं उघड, त्याला तो दगड लाव. असं. आता टोपलीतले वाडगे काढ, गवत झटक, आणि उंबऱ्यावर मांडायला घे. सगळे. तुझ्या घरी मडकी असतील, तीही आण. पुरायचे नाहीत, पण मांड.